विश्लेषण : गृहपाठाचा विश्वकोश होऊ शकतो का? पुणे, गोव्यातील ‘विकी’ प्रयोग काय सांगतात?

शाळा-महाविद्यालयांतील प्रकल्पांचे आयुष्य फार तर एका वर्षाचे. इंटरनेटवर माहिती शोधायची, ती उतरवून काढायची, रंगीत मुखपृष्ठ लावून वही जमा करायची आणि गुण मिळाले की ती वही रद्दीत. हाच प्रकल्प विद्यार्थ्यांनी ‘विकी’वर एकत्र लिहिला, तर तो पुढच्या तुकडीला आणि भाषेतल्या प्रत्येक वाचकाला उपयोगी पडतो, ही कल्पना दोन दशकांपासून जगभर आजमावली जात आहे. पुण्यात ती फसली, गोव्यात तिने एका भाषेला हात दिला. हे कसे घडले?

‘विकी’ म्हणजे नेमके काय?

ज्या संकेतस्थळाची पाने वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येतात, ते विकी. अमेरिकी संगणक प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी असे पहिले संकेतस्थळ सुरू केले. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून त्यांना हे नाव सुचले. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी विकिपीडिया सुरू केला आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे.

विकीच्या प्रत्येक पानामागे दोन पाने असतात. ‘इतिहास’ या पानावर कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद राहते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. ‘चर्चा’ या पानावर मजकुराबद्दलचे वाद सोडवले जातात. शिकण्याच्या दृष्टीने ही दोन पाने मूळ लेखाइतकीच मोलाची आहेत.

शिक्षणाशी त्याचा संबंध कसा आला?

सुरुवातीला शिक्षकांचा सूर ‘विकिपीडियावर विसंबू नका’ असाच होता. २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ४२ विज्ञानविषयक नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात प्रत्येक नोंदीमागे सरासरी चार, तर एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात सरासरी तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तरी विकीकडे पाहण्याची नजर बदलली.

त्यानंतर विकी हे शिकवण्याचे साधन म्हणून पुढे आले. कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या संस्थेच्या पाठबळावर २००६ मध्ये ‘विकिएज्युकेटर’ सुरू झाले. शिक्षकांनी मुक्त अभ्याससाहित्य एकत्र तयार करावे, हा त्यामागचा हेतू. फ्रेंच भाषेत त्याच वर्षी मुलांसाठी ‘विकिडिया’ हा सोपा विश्वकोश सुरू झाला. २०१२ मध्ये कैरोतील विद्यापीठांत विद्यार्थी अरबी विकिपीडियासाठी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नोंदी लिहू लागले. २०१३ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना आजारांवरील नोंदी सुधारण्यासाठी श्रेयांक मिळू लागले.

पुण्यातील प्रयोग का थांबला?

विकिमीडिया फाउंडेशनने २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. विद्यार्थ्यांनी आपापल्या विषयांतील नोंदी इंग्रजी विकिपीडियावर लिहायच्या, मदतीला प्रशिक्षित स्वयंसेवक आणि बदल्यात अंतर्गत गुण, अशी योजना होती. काही महिन्यांतच अडचण पुढे आली. अनेक विद्यार्थ्यांनी पुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील उतारे जसेच्या तसे डकवले होते. प्रताधिकाराचा भंग करणारा मजकूर विकिपीडियावर राहू शकत नाही. तो शोधून काढण्यात जगभरातील स्वयंसेवकांचे बरेच तास गेले, त्यांची नाराजी वाढली आणि २०११ च्या अखेरीस हा प्रयोग आवरता घ्यावा लागला.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नव्हता. उतरवून काढणे म्हणजे अभ्यास, हीच सवय शाळेपासून लावली गेली होती. ‘आपल्या शब्दांत लिहा’ या सूचनेचा अर्थ वर्गात कधी करून दाखवलेला नव्हता. विद्यार्थी खूप, अनुभवी संपादक थोडे, अनेक प्राध्यापकांनी स्वतः कधी विकिपीडिया संपादित केलेला नाही आणि लिहायचे ते इंग्रजीत, अशी स्थिती होती. वहीतला उतारा शिक्षकांच्या नजरेतून सुटतो. विकीवर मात्र तो काही मिनिटांत अनोळखी माणसाने पकडला. त्या अर्थाने या प्रयोगाने आपल्या परीक्षापद्धतीचेच एक दुखणे उघडे पाडले.

गोव्यात काय वेगळे घडले?

गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोकणी विश्वकोश सिद्ध केला होता. छापील खंड ग्रंथालयांपुरतेच राहिले होते. २०१३ मध्ये विद्यापीठाने ते मुक्त परवान्याखाली खुले केले. म्हणजे मूळ स्रोताचा उल्लेख करून कोणीही तो मजकूर वापरू शकेल. गोव्यातील विद्यार्थ्यांनी यातील मजकूर संगणकावर आणण्याच्या कामात हात लावला. अनेक वर्षे चाचणी अवस्थेत अडकलेला कोकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला. देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तिन्ही लिप्यांतील लेखनाला तिथे जागा आहे.

येथे विद्यार्थ्यांना कोऱ्या पानापासून सुरुवात करायची नव्हती. तज्ज्ञांनी तपासलेला मजकूर हाती होता, परवाना स्पष्ट होता आणि काम स्वतःच्या भाषेत होते. उतरवून घेणे हेच जिथे काम होते, तिथे त्याला कायद्याची परवानगीही होती.

शिक्षकांना याचा काय उपयोग?

गटाच्या प्रकल्पात दोघे राबतात आणि गुण पाचही जणांना मिळतात, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव. विकीच्या इतिहासात कोणी किती आणि काय लिहिले ते दिसते. पहिला कच्चा मसुदा आणि शेवटचा मजकूर शेजारी ठेवून विद्यार्थ्याची प्रगतीही पाहता येते. विकिपीडियावर प्रत्येक दाव्याला संदर्भ द्यावा लागतो. त्यामुळे ‘हे तुला कुठून कळले?’ हा प्रश्न सवयीचा होतो.

लेख लिहिणे अवघड वाटत असेल, तर विकिस्रोत हा सोपा मार्ग आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्य प्रताधिकारमुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० मधले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य आता सर्वांसाठी खुले आहे. अशा जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने विकिस्रोतावर एका बाजूला दिसतात आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. यंत्राच्या चुका एकाने सुधारायच्या, दुसऱ्याने पुन्हा तपासायच्या. शुद्धलेखनाचा यापेक्षा जिवंत तास क्वचितच मिळेल. निवृत्त शिक्षक, वाचनालयाचे सभासद आणि विद्यार्थी यात एकत्र बसू शकतात.

गावाकडची तोंडी माहिती चालते का?

विकिपीडियावर ‘आजीने सांगितले’ हा संदर्भ ग्राह्य नाही. प्रसिद्ध झालेला, पडताळता येणारा स्रोत लागतो. गावातील ओढ्यांची नावे, भाताची मागे पडलेली वाणे, जात्यावरच्या ओव्या यांतील बरेच काही कधी छापलेलेच नसते, त्यामुळे ते बाहेर राहते. ही विकिपीडियाची मोठी मर्यादा आहे.

त्यावर उपाय आहेत. विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’ प्रणालीवर चालतो, ती मोफत आहे. शाळा, वाचनालय किंवा ग्रामपंचायत तिच्यावर स्वतःचा विकी उभारू शकते आणि संदर्भाचे नियम स्वतः ठरवू शकते. स्वतः काढलेली छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे ‘विकिमीडिया कॉमन्स’वर ठेवता येतात. मात्र गाणारी किंवा सांगणारी व्यक्ती कोण, तिची संमती आहे का, हे आधी विचारायला हवे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही भारतीय भाषा आणि त्यांच्याशी जोडलेल्या कलांचे दस्तावेजीकरण विकीसारख्या मंचावर करण्याचा उल्लेख आहे. त्यात ज्येष्ठांचे बोलणे, गोष्टी, लोकगीते यांची ध्वनिमुद्रणे अभिप्रेत आहेत आणि लोकांनीच भर घालावी अशी अपेक्षा आहे.

धोके कोणते?

लक्ष ठेवणारी माणसे नसतील, तर विकी बिघडतो. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेचा विकिपीडिया हे त्याचे बोलके उदाहरण. त्यावरील हजारो नोंदी ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी किशोरवयीन मुलाने लिहिल्याचे २०२० मध्ये उघड झाले. तोवर कित्येक वर्षे उलटली होती. हेतू वाईट नव्हता, पण तपासायला भाषेची जाणकार माणसेच तिथे नव्हती. यांत्रिक भाषांतर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात हा धोका वाढला आहे. एका कळीवर मराठी लेख तयार होतो, तो वाचून दुरुस्त करायला मात्र माणूस लागतो. शिवाय ही यंत्रे भाषा शिकतात ती अशाच खुल्या मजकुरातून. आज विकीवर वाईट मराठी साठली, तर उद्या यंत्रेही तीच मराठी परत देतील.

महाराष्ट्राला ज्ञानकोशांची परंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्या कोशांमागे संपादक मंडळ होते. विकीमागे ते मंडळ वाचकांनाच व्हावे लागते.

शाळेला सुरुवात करायची तर?

आधी शिक्षकांनी स्वतः चार-सहा संपादने करावीत. सरावासाठी मराठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ आहे, तिथे काहीही चुकले तरी बिघडत नाही. शंका विचारायला ‘चावडी’ आहे. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला साधारण सहाच नवी खाती उघडता येतात. त्यामुळे संगणक कक्षात चाळीस मुलांना एकदम बसवण्यापूर्वी खाती घरून उघडावीत किंवा तेथील जाणत्या सदस्यांकडून आधीच सवलत मागावी. मुलांनी खरे नाव, शाळेचा पत्ता, फोन क्रमांक देऊ नये, टोपणनाव पुरते.

पहिल्या सत्रात नवा लेख लिहायला लावू नये. असलेल्या लेखातील एक चूक सुधारणे, एक संदर्भ जोडणे, तालुक्यातील एखाद्या वास्तूचे छायाचित्र चढवणे एवढे पुरे. इंटरनेट नसलेल्या शाळेत ‘किविक्स’ या मोफत ॲपद्वारे विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. मुलांनी वाचून चुका वहीत टिपायच्या आणि जोडणी मिळेल तेव्हा दुरुस्त करायच्या. गुण मजकुराच्या लांबीला न देता संदर्भांना आणि स्वतःच्या शब्दांना द्यावेत. पुण्याच्या प्रयोगात नेमकी हीच पायरी निसटली होती.