बाणाचं टोक : कुठलं आणि कशासाठी?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण शाळेत होते. एक बाण सुटायचा, वाटेत त्याचे दहा व्हायचे, शेवटी एकाला आग लागायची. टोक मात्र बहुतेकांचं सारखंच! मी आठवीपासून रिकर्व्ह धनुष्य चालवतो, तेव्हा एक सांगतो मित्रांनो, खरी गंमत त्या टोकातच आहे.

निमित्त असं झालं की आमच्या विंगमधल्या एका पठ्ठ्याने परदेशातल्या हरणाच्या शिकारीचे व्हिडिओ पाहिले आणि मेसमध्ये मला विचारलं, "ब्रॉडहेड मागवू का रे? तुझ्या बाणाला बसेल?" ब्रॉडहेड म्हणजे धारदार पात्यांचं टोक. एका शब्दात उत्तर 'नको'. पण आपण इंजिनिअरिंगवाले, कारण सांगितल्याशिवाय कोण ऐकतो?

आधी आकडेमोड करू. कंपाउंड धनुष्यातून सुटलेला २७ ग्रॅमचा शिकारी बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने जातो असं धरा. अर्धा एम व्ही स्क्वेअर केलं की साधारण ८६ ज्यूल येतात. आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा बॉल ताशी १२० किलोमीटरने टाका. तेही जवळपास तेवढेच! म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात बाण हा मध्यमगती गोलंदाज आहे. रायफलच्या गोळीत हजारो ज्यूल असतात, तिचा धक्काच भयंकर. बाणाला ती चैन नाही. त्याला आत शिरून रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. म्हणून पाती लागतात, आणि तीही दाढीच्या ब्लेडसारखी. बोथट पातं रक्तवाहिनी कापत नाही, नुसती बाजूला सारतं. मग जनावर जखम घेऊन पळतं आणि कुठेतरी झाडीत दोन दिवस तडफडून मरतं.

जिथे अशी शिकार कायदेशीर आहे, तिथले लोक निवड करताना हाच विचार करतात. दोन पाती असली की बाण खोल जातो, तीन-चार असली की जखम मोठी होते पण अडथळाही वाढतो. घट्ट बसवलेली पाती भरवशाची, पण ती बाणाच्या पुढच्या बाजूला पंखासारखी वागतात. गुरुत्वमध्याच्या पुढे पंख लावलेलं विमान जसं वाकडं जाईल, तसा बाण भरकटू पाहतो आणि मागच्या पिसांना त्याला सरळ ठेवायची मेहनत पडते. दुसरा प्रकार मिटलेल्या पात्यांचा. ती अंगावर आदळल्यावर उघडतात. उडताना छान सरळ जातात, पण उघडण्यातच थोडी ऊर्जा खर्च होते. हलक्या धनुष्याला ते परवडत नाही.

आता आपल्याकडचं. ठाण्याचं येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. तिथे चितळ आहेत, सांबर आहेत आणि त्यांच्यावर जगणारे बिबटेही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळाची शिकार हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, मग हत्यार बंदूक असो की बाण. आपल्या भागातल्या वारली, ठाकूर, कातकरी लोकांनाही तो लागू आहे. जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे (पद्मश्री २०११) वारली चित्रकला जगभर गेली. त्या चित्रांतला धनुष्यवाला शिकारी आपण फ्रेम करून हॉलमध्ये लावतो. ज्यांच्या हातून ते धनुष्य सुटलं त्यांचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

मग मैदानावर ब्रॉडहेड लावून बघायला काय हरकत? हरकत अशी की ते गवताचं किंवा फोमचं टार्गेट कापून काढतं. त्यात अडकलं की ओढून काढताना आधी आपली बोटं कापतात. कुठल्याही टार्गेट रेंजवर ते चालत नाही.

आपल्याला लागतं ते गुळगुळीत, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं टोक. इथे धारेपेक्षा वजन महत्त्वाचं. हे वजन ग्रेनमध्ये मोजतात. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. ७६ सेंटिमीटरच्या बाणाचा मध्य ३८ वर. तो बोटावर तोलून बघा. मागच्या खाचेपासून ४७ वर तोल सापडला, तर फरक ९, म्हणजे लांबीच्या जवळजवळ १२ टक्के. रिकर्व्हसाठी ११ ते १६ टक्के ठीक मानतात. तोल फार मागे असेल तर बाण वाऱ्यात डुलतो. फार पुढे असेल तर लवकर खाली येतो.

पण म्हणून डोळे मिटून जड टोक घेऊ नका. दोरी मागून ढकलते, टोक जडत्वामुळे जागचं हलायला तयार नसतं, आणि मधली दांडी वाकते. ऑयलरचा कॉलम आठवतोय? तोच! टोक जड केलं की दांडी जास्त वाकते, म्हणजे नरम असल्यासारखी वागते. अशा नरम दांडीचा बिनपिसांचा बाण उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवीकडे जाऊन लागतो. तसं झालं तर टोक थोडं हलकं करायचं. चांगल्या टोकांची मागची शेपटी पकडीने दहा-दहा ग्रेनने तोडता येते. तेव्हा आधी जड घ्यावं, मग तोडत यावं. तोडलेलं परत चिकटत नाही! बसवताना हॉट मेल्ट ग्लू वापरा आणि गरम टोकाला करा, कार्बनच्या दांडीला नाही. तिचं रेझिन उष्णतेने खराब होतं.

एवढा किस पाडून काय मिळतं? ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. पन्नास मीटरवर आठ सेंटिमीटरचं दहाचं वर्तुळ, आणि पंधराही बाण त्यात! त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. तिथे बारा बाणांच्या टोकांत दोन-चार ग्रेनचा फरक असला तरी चालत नाही.

आता ज्यांना खरंच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी. बाण लोकलमध्ये भात्यात उघडे नेऊ नका, बंद नळीत न्या. संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये माणसालाच जागा नसते. आणि टार्गेटमधून बाण उपटताना ओढणाऱ्याच्या मागे कोणी उभं राहू नये. सगळे पुढच्या टोकाला घाबरतात, पण तेव्हा डोळ्यात जाते ती मागची खाच.