हिंडलग्याची दहा वर्षे

बेळगावच्या खासबाग-वडगावचा विणकरांचा भाग मागे टाकून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं की हिंडलगा लागतं. ‘हिंडलग्याला टाकलं’ म्हटलं की सीमाभागात पुढचं सांगावं लागत नाही. इथल्याच मध्यवर्ती कारागृहातली एक कोठडी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली.

बी. ए. उमेश याला बेंगळुरूतल्या १९९८च्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात २००६ साली फाशी सुनावली गेली. गुन्हा इतका घृणास्पद की सहानुभूती वाटायचं कारण नाही. प्रश्न निराळाच होता. २००६ ते २०१६, तब्बल दहा वर्षं तो हिंडलग्यात एकांतवासात होता. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला तो २०१३ मध्ये. म्हणजे फाशी अजून पक्की झालेली नसतानाच पहिली सात वर्षं कोठडीत गेली.

कायदा मात्र दिवस मोजून देतो. १८६०च्या दंड संहितेपासूनच एकांतवास एका वेळी फार तर १४ दिवस आणि एकूण तीन महिने. तोही सक्तमजुरीच्या शिक्षेत आणि न्यायालयाच्या हुकमानेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११ आणि १२ या कलमांत हीच मापं आहेत. विधी आयोगाने तर ही शिक्षा काढूनच टाका, असं १९७१ मध्येच सुचवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

मग दहा वर्षं झाली कशी? १८९४च्या तुरुंग कायद्याचं कलम ३० फाशीच्या कैद्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत, रात्रंदिवस पहाऱ्यात ठेवायला सांगतं. सुनील बत्रा खटल्यात १९७८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं, की अपील आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत माणूस ‘फाशीचा कैदी’ ठरत नाही आणि कलम ३० म्हणजे एकांतवासाचा परवाना नव्हे. निकाल दिल्लीत राहिला, कोठडीचं दार हिंडलग्यात बंदच.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी, निवृत्तीला चार दिवस उरले असताना, सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने ही कोठडी बेकायदा ठरवली. कैद्याच्या प्रकृतीवर तिचे दुष्परिणाम झाल्याची नोंद केली आणि फाशीऐवजी किमान ३० वर्षांची जन्मठेप दिली.

संयुक्त राष्ट्रांचे २०१५चे मंडेला नियम तास मोजतात: दिवसाचे २२ किंवा अधिक तास माणसाशी खऱ्या संपर्काविना गेले की तो एकांतवास; सलग १५ दिवसांपुढे मनाई. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये तोच १५ दिवसांचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राने २०२३ मध्ये आदर्श कारागृह कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला. तुरुंग हा विषय राज्यांचा, त्यामुळे हिंडलग्याचं काय करायचं ते बेंगळुरूने ठरवायचं आणि येरवडा तुरुंगाचं मुंबईने.