तीन दिवस राहिला, तो भोंदू!

पाहुण्याला किती दिवस ठेवून घ्यावं, याचा नियम ख्रिस्ती मंडळींनी सुमारे 1900 वर्षांपूर्वीच लिहून ठेवला आहे. ‘डिडाखे’ नावाची एक छोटीशी ग्रीक पुस्तिका आहे. गावोगाव फिरणारा प्रेषित दारी आला तर त्याला मानाने घरात घ्या, असं ती सांगते. मुक्काम एक दिवसाचा, फार तर दोन. तिसऱ्या दिवशीही स्वारी हलली नाही, तर खुशाल समजा की हा खोटा संदेष्टा. निघताना वाटेपुरती भाकरी द्या. पण त्याने पैसे मागितले, तर तोही खोटाच! बुवाबाजीचा ताप तेव्हाही होता, याचा आणखी काय पुरावा हवा?

ही पुस्तिका कित्येक शतकं नुसती नावापुरती उरली होती. 1873 मध्ये फिलोथेओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंना कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात 1056 सालचं एक हस्तलिखित मिळालं. त्यात ती इतर लेखनाच्या सोबतीने निवांत पडून होती. छापायला मात्र 1883 साल उजाडलं.

चर्चच्या इतिहासाची साधनं म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते जाडजूड लॅटिन ग्रंथ. ते आहेतच. पण माझं मत विचाराल, तर भक्तांनी जपलेल्या कागदांपेक्षा विरोधकांच्या फायली आणि लोकांनी फेकलेला कचरा जास्त खरं बोलतो.

गव्हर्नरसाहेबांचा सल्ला हवा

धाकटा प्लिनी हा आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा रोमन गव्हर्नर. साधारण 112 मध्ये त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं: या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? हे पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. आणखी काही बाहेर पडतं का, हे पाहण्यासाठी त्याने दोन दासींचा छळही केला. चर्चमध्ये त्यांच्याकडे सेविकापद होतं. ट्राजनचं उत्तर अस्सल सरकारी आहे: मुद्दाम शोधत फिरू नका, सिद्ध झालं तर शिक्षा करा, आणि निनावी तक्रारींना भीक घालू नका. सुरुवातीच्या ख्रिस्ती उपासनेची जी थोडी बाहेरची माहिती आपल्याकडे आहे, ती अशी छळ करणाऱ्याच्याच पत्रातून येते.

टवाळखोरांचाही हातभार लागला बरं का! रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर 1857 मध्ये एका भिंतीवर ओरखडलेलं चित्र सापडलं. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, त्याच्यापुढे हात वर केलेला एक जण, आणि खाली ग्रीकमध्ये मजकूर की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक म्हणजे ही कुचेष्टा.

उजव्या भुवईवर व्रण

इसवी सन 250 च्या सुमारास सम्राट डेसियसने फर्मान काढलं: सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या मातीत असे चाळीसहून अधिक दाखले टिकले आहेत. त्यातला एक ऑरेलियस डायोजेनिसचा. वय 72, ओळखीची खूण उजव्या भुवईवर व्रण. मी कायम देवांना बळी देत आलोय, आताही तुमच्यासमोर दिला, प्रसादही चाखला, तरी सही-शिक्का मिळावा, ही विनंती. अर्जाचा नमुना ठरलेला, फक्त नाव-गाव भरायचं.

दाखला आला की मागच्या दाराने तो मिळवून देणाराही आला. बळी न देताच चार पैसे सारून कागद मिळवणारे ख्रिस्ती लोक होते. छळ ओसरल्यावर त्यांना परत मंडळीत घ्यायचं का, यावरून कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या काळात मोठी रणधुमाळी माजली.

कचऱ्याचा खरा खजिना मात्र इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसचा. 1896 च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डचे ग्रेनफेल आणि हंट, दोघेही अजून तिशीच्या आतले, तिथल्या उकिरड्यांत उतरले. पाऊस जवळजवळ नाही, म्हणून हजार-दोन हजार वर्षांचे कागद जसेच्या तसे: हिशेब, पावत्या, भाडेपट्टे, खासगी पत्रं आणि मधूनच शुभवर्तमानाचा तुकडा. पहिल्याच मोसमात येशूच्या वचनांचं एक पान मिळालं. ते कुठल्या पुस्तकातलं, याचा पत्ता लागायला 1945 मध्ये इजिप्तच्याच नाग हम्मादीजवळ एका रांजणात कॉप्टिक पोथ्या सापडाव्या लागल्या. त्यात ‘थॉमसचं शुभवर्तमान’ पूर्ण होतं आणि ते पान त्याचंच निघालं. ऑक्सिरिंकसच्या कागदांचा पहिला खंड 1898 मध्ये आला. आता खंडांनी ऐंशी ओलांडली आहे आणि काम अजून चालूच आहे.

जुळ्या बहिणी, उंट आणि किटली

या सगळ्या मंडळींत माझ्या सगळ्यात लाडक्या म्हणजे ॲग्नेस स्मिथ लुइस आणि मार्गारेट डनलॉप गिब्सन. स्कॉटलंडच्या जुळ्या बहिणी, दोघी विधवा, वय पन्नाशीला टेकलेलं. ॲग्नेसबाई सिरियाक भाषा शिकल्या, दोघींनी कॅमेरा गाठीला बांधला आणि 1892 मध्ये उंटावर बसून सिनाई वाळवंटातल्या सेंट कॅथरिन मठात पोचल्या. तिथे त्यांना एक मळकं, पानं चिकटलेलं हस्तलिखित मिळालं. किटलीच्या वाफेवर पानं सोडवली. वर संत स्त्रियांची चरित्रं, आणि खाली खरवडून पुसलेल्या ओळींत शुभवर्तमानांचं फार जुनं सिरियाक भाषांतर! केंब्रिजचे विद्वान पुढच्याच वर्षी मागोमाग धावले. त्याच केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला 1948 साल उजाडू दिलं. या बहिणींना मानद पदव्या मिळाल्या त्या दुसऱ्या विद्यापीठांकडून.

त्याच मठातून जर्मन विद्वान टिशेनडॉर्फने चौथ्या शतकातलं बायबल, म्हणजे ‘कोडेक्स सिनाइटिकस’, बाहेर नेलं. 1844 मध्ये आपल्याला त्याची पानं जाळायच्या टोपलीत दिसली, असं त्याने सांगितलं. मठातल्या संन्याशांना ही गोष्ट मुळीच मान्य नाही. पोथी पुढे रशियाच्या झारकडे गेली. 1933 मध्ये सोव्हिएत सरकारने तिचा मोठा भाग एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. आता तिची पानं चार ठिकाणी विखुरली आहेत, पण इंटरनेटवर ती एकत्र आणि फुकट वाचता येतात.

बनावट कागदही साधनच असतं. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला बहाल केली, असं सांगणारा दस्तऐवज शतकानुशतकं खरा मानला गेला. लोरेंझो व्हाल्लाने 1440 मध्ये त्याचं लॅटिन तपासून तो खोटा ठरवला. चौथ्या शतकातल्या माणसाने अशी भाषा लिहिणंच शक्य नव्हतं.

आणि खऱ्या कागदांचं म्हणाल, तर व्हॅटिकनच्या दफ्तरखान्यात 85 किलोमीटर लांबीची कपाटं आहेत. राजा आठव्या हेन्रीच्या काडीमोडासाठी इंग्लंडच्या सरदारांनी 1530 मध्ये पोपला पाठवलेलं पत्र तिथेच आहे, 81 लाखेच्या मुद्रांसकट. नेपोलियनने हे सगळं दफ्तर पॅरिसला हलवलं होतं. परत आणायचा खर्च परवडेना, म्हणून बरेच कागद तिथेच रद्दीत गेले.

चिकाटी पाहायची तर बोलँडिस्टांची. या जेझुइट अभ्यासकांनी संतांची चरित्रं तपासून, सणवारांच्या क्रमाने छापायचं ठरवलं. 1643 मध्ये जानेवारीपासून सुरुवात केली. 1925 मध्ये ते 10 नोव्हेंबरपर्यंत पोचले. त्यातही कार्मेलाइट संघाची स्थापना साक्षात एलिया संदेष्ट्याने केली, हा दावा त्यांनी नाकारला, तर स्पेनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1695 मध्ये त्यांच्या खंडांवर बंदी घातली.

आपल्या अंगणात

भारतातलं पहिलं छापखान्याचं यंत्र 1556 मध्ये गोव्यात उतरलं, तेही चुकून. निघालं होतं ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला! फादर थॉमस स्टीफन्स यांचं जवळपास 11 हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. त्याच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, पण देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये आहे. ते जगापुढे आणलं जस्टिन ॲबट यांनी. मराठी संतांना इंग्रजीत नेणारे मिशनरी ते हेच.

गोव्याच्या इन्क्विझिशनचा अभ्यास करायचा तर पणजीचं दफ्तर पुरत नाही. 1812 मध्ये ते न्यायालय बंद झालं आणि खटल्यांचे बहुतेक कागद जाळले गेले. पत्रव्यवहाराचा मोठा गठ्ठा मात्र ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, कारण तेव्हा पोर्तुगालचं राजघराणंच रिओत मुक्कामाला होतं.

आणि अहमदनगरला 1842 मध्ये सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’? मिशनचं मुखपत्र म्हणून ते बाजूला ठेवणाऱ्याचं नुकसानच आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये याच पत्राने छापला. चर्चचा इतिहास शोधायला जावं आणि दलित साहित्याचं पहिलं पान हाती लागावं, असं हे साधन आहे.

तुमच्या घरी, गावच्या चर्चमध्ये किंवा एखाद्या जुन्या बोर्डिंगच्या माळ्यावर ‘ज्ञानोदय’चे अंक, बाप्तिस्म्याच्या वह्या, मंडळीच्या हिशेबाची चोपडी असेल तर रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी फोनवर तिचे फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या शिक्षकांना दाखवा.