सहेरीची भाकरी

गेल्या रमजानपर्यंत आमच्या सहेरीला दुधातली फेणी, पाव आणि गोड चहा असायचा. अकरा वाजताच पोटात कावळे ओरडायचे आणि वर्गात एखाद्या मुलावर उगाच आवाज चढायचा. रोजा तर जिभेचाही असतो. कुणी भांडायला आलं तरी ‘मी रोजेदार आहे’ म्हणून गप्प राहावं, अशी शिकवण आहे.

यंदा महिनाभर साखर, मैदा, तळण बंद केलं. सहेरीला ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंडं, वाटीभर दही. मैदा-साखर झटकन पचते. कोंड्यासकट धान्य आणि कडधान्यं सावकाश पचतात, म्हणून पोट जास्त वेळ धरतं. इफ्तारला खजूर, पाणी, फळं. भजी नाहीत म्हणून अम्मी दोन दिवस रुसली. तिसऱ्या पहाटे तिनंच भाकरी थापली.

दुपारी भूक लागतेच, लागायलाच हवी. आवाज मात्र चढत नाही.