श्रोणीतील कॅसलमन विकार

लसीकाग्रंथी या शरीराच्या पहारेकरी होत. रोगजंतूंचा संसर्ग झाला म्हणजे त्या सुजतात व कालांतराने पूर्ववत होतात. परंतु क्वचित एखादी ग्रंथी असे उघड कारण नसताही वाढतच जाते. बॉस्टन येथील विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन व त्यांचे सहकारी यांनी छातीतील अशा तेरा रुग्णांच्या गाठींचे वर्णन १९५६ साली प्रसिद्ध केले.

अशी गाठ श्रोणीत, म्हणजे कमरेच्या हाडांमधील पोकळीत, फारच विरळा आढळते. मूत्राशयावर किंवा मूत्रवाहिनीवर दाब पडेपर्यंत ती पुष्कळदा लक्षात येत नाही. बाह्यतः ती कर्करोगासारखी भासते. खरी ओळख सूक्ष्मदर्शकाखालीच पटते.

ती काढणे सोपे नसते. गाठीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि शेजारीच पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या, शिरा व मज्जातंतू असतात. म्हणून कधी कधी गाठीला रक्त पुरविणाऱ्या धमन्या आधी आतून बंद करतात व मग ती समूळ काढतात.

विकार एकाच स्थानी असेल, तर एवढ्याने रोगी बहुधा कायमचा बरा होतो. तो अनेक स्थानी असल्यास मात्र मुख्य भिस्त औषधांवर असते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी सर्व शरीराची तपासणी आवश्यक ठरते.