मेसमधलं खरकटं, झाडाखालचा पाचोळा

विद्यापीठाच्या आवारात दोन प्रकारचा कचरा भरपूर: मेसमधलं खरकटं आणि झाडांचा पाचोळा. खरकटं नुसतं साठवलं तर कुजून वास मारतं. पाचोळा महिनोन्‌महिने तसाच राहतो, म्हणून पुष्कळदा पेटवला जातो. हे थांबायलाच हवं, कारण दोघांना एकमेकांची गरज आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे साधारण २५ ते ३० भाग लागतात. पाचोळ्यात कार्बन मुबलक, डाळ-भाजीच्या खरकट्यात नायट्रोजन तुलनेनं जास्त. थर आलटून पालटून रचले, ओल आणि हवा राखली, की ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्यात बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. अर्थात, ताटात अन्न टाकलंच नाही तर सर्वांत उत्तम. तरीही उरलेल्यातून इंधन मिळतं: भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ तंत्रात खरकट्यापासून चुलीसाठी मिथेनयुक्त वायू आणि शेतासाठी खत, दोन्ही तयार होतात.