गेम बंद पडतो, तो कोणामुळे?

‘चांगला चालू होता अन् एकदम बंद पडला.’ पांढुर्णा-सौंसरकडे गेम खेळणारी पोरं संगणक घेऊन दुकानात येतात ती हेच सांगत. उत्तर बहुधा तयार असतं: विंडोज नव्याने टाकून देऊ. त्यात जपून ठेवलेले फोटो आणि कागदपत्रं जातात, आणि आठवड्याभरात गेम पुन्हा बंद पडतो. म्हणून दोष शोधल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू देऊ नका, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

बहुतेक वेळा चूक गेमची किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची असते. पण अशी चूक सहसा ठरावीक जागी भेटते. त्याच नकाशावर, तेच हत्यार उचललं की गेम पडतो, मित्राच्या मशीनवरही तिथेच पडतो आणि नवा पॅच आला की ती जाते. यंत्राचा दोष मात्र जागा बदलतो. आज पंधराव्या मिनिटाला, उद्या दोन तासांनी. कधी गेम, कधी ब्राउझर, तर कधी झिप फाइल उघडतानाच एरर.

‘गिल्ड वॉर्स’ हा ऑनलाइन गेम २००५मध्ये आला. खेळाडूंच्या संगणकांवरून येणारे काही क्रॅश-अहवाल त्याच्या प्रोग्रामरांना अशक्य वाटत, कारण कोड तसा चुकूच शकत नव्हता. तेव्हा त्यांच्यापैकी माइक ओब्रायन यांनी गेममध्येच एक छोटी परीक्षा घातली. गेम चालू असताना सेकंदाला ३० ते ५० वेळा मेमरीत काही गणितं करायची आणि आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून पाहायची. सुमारे १ टक्का संगणक या साध्या गणितात नापास झाले. कारणं तापलेले भाग, कमजोर वीजपुरवठा आणि ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेले प्रोसेसर अशी होती.

ही कारणं आपल्याकडे जास्तच लागू पडतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि खोली जितकी तापते जवळपास तितकीच आतली चिपही जास्त तापते. पंख्याच्या जाळीत धूळ, हीटसिंकखालची पेस्ट वाळलेली, त्यात व्होल्टेज वरखाली. स्वस्त एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वर्ड चालवताना निभावून नेतो. गेम सुरू होऊन ग्राफिक्स कार्डाने एकदम वीज ओढली की मान टाकतो. हिवाळ्यात बरा चालणारा गेम उन्हाळ्यात पडत असेल, तर संशय आधी इथेच घ्यावा.

दुसरा संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या मेमरीवर. ती तपासायला मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. पडद्यावर चुकीची एक जरी नोंद आली तरी ती रॅम भरवशाची नाही. प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा आणि पुन्हा तपासा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. दुर्लक्ष मात्र करू नका. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११मध्ये सुमारे १० लाख संगणकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हार्डवेअरच्या दोषाने एकदा पडलेलं यंत्र पुन्हा पडण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढलेली दिसली.

कधी कधी सॉफ्टवेअरचा आणि यंत्राचा असे दोन्ही दोष एकमेकांत गुंततात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम पडत आणि ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिले. खरं तर प्रोसेसरच्या आतलं मायक्रोकोड हे सॉफ्टवेअरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होतं, आणि त्याने चिप झिजत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये दुरुस्ती दिली. ती मदरबोर्डाच्या बायोस अपडेटमधून घालता येते. मात्र आधीच झिजलेली चिप त्याने सुधारत नाही, ती बदलावीच लागते. अशा प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने २ वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा नागपूरहून मशीन आणलं असेल तर त्याचं बिल शोधून ठेवा.